टिप पोराच्या हातात, तक्रार गल्ल्यावर

पुण्याकडचे पाहुणे बेळगावात आले की जेवण झाल्यावर हळूच विचारतात, इथं टिप किती ठेवायची असते? आणि आमच्यातल्या कोणालाच याचं धड उत्तर देता येत नाही, कारण ठरलेलं असं काही नाहीच. बडीशेपच्या बशीतनं सुट्टे परत आले की नोटा खिशात आणि नाणी बशीत, एवढीच पद्धत, त्यात दोन रुपये राहिले काय आणि अठरा राहिले काय. आणि सर्व्हिस वाईट मिळाली तर? तेव्हा तर अजून सोपं, हॉटेलात गप्प बसायचं, ते दोन रुपये पण उचलायचे, आणि गाडीत बसल्यावर टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत हॉटेलवाल्याचा उद्धार करत जायचं. ज्याला ऐकवायला पाहिजे त्याला मात्र एक अक्षर नाही.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे आणि त्यावरनं घरात दर वेळी वाद होतोय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. टिप वाढणाऱ्या पोराची, तक्रार मालकाची. ही दोन खाती वेगळी ठेवायची. रोटी गार आली म्हणून पोराचे वीस रुपये कापले तर पोराला वाटतं गिऱ्हाईक चिकट आहे, मालकाला काही कळतच नाही, आणि आचारी आत निवांत असतो, मग तुमचा राग पोचला कुणाला?

आता टिप कुठं आणि किती, तर सगळीकडं एकच हिशोब लावता येत नाही. टोकन घेऊन आपणच इडली-वड्याची ताटली उचलून आणायच्या दर्शिनीत टिपचा प्रश्नच नाही, फार तर टेबलं पुसत फिरणाऱ्या बाईला जाता जाता दहा रुपये द्यावेत, तिला खरं तर कोणीच देत नाही. जुन्या उडपी हॉटेलात सप्लायर म्हणजे वाढणारा वेगळा, क्लीनर वेगळा, बिल टेबलावर येतंय पण पैसे गल्ल्यावर भरायचे असतात, म्हणजे सप्लायरशी पैशाची गाठच पडत नाही. तिथं मी उठायच्या आधी दहा-वीस रुपये थेट त्याच्या हातात देतो, कारण बशीखाली ठेवले तर क्लीनर उचलतो आणि मग त्या दोघांची आत जुंपते. (क्लीनरलाही द्यायला हरकत नाही, पण मग दोघांना वेगळं द्या की.)

सावजी खानावळ किंवा ज्वारीच्या रोटीची लिंगायत खानावळ असली तर वाढणारा बऱ्याचदा मालकच असतो, नाहीतर त्याची बायको, त्याचा पोरगा. तिथं टिप द्यायला गेलात तर माणूस अवघडतो, एका काकांनी तर माझी नोट परत माझ्याच खिशात कोंबली होती, "इरली बिडरी", म्हणजे राहू द्या हो, म्हणत. अशा ठिकाणी पोटभर जेवायचं, भरल्या वांग्याची एण्णगाई चांगली झालीय तर तसं तोंडानं सांगायचं आणि पुढच्या वेळी चार माणसं घेऊन यायचं.

एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी पाच ते दहा टक्के धरतो, म्हणजे हजाराला पन्नास ते शंभर. पण पाच हजार बिल झालं म्हणून डोळे झाकून पाचशे देत नाही, कारण महागातला सुरमई मागवला म्हणून वाढणाऱ्याचे कष्ट काही वाढलेले नसतात. उलट तीनशेच्याच बिलात आपल्या पोरांनी दोनदा पाणी सांडलं असेल, टेबलाखाली भात पसरला असेल तर तिथं पन्नास रुपये जास्त नाहीत. आमची आई म्हणते इतकं कशाला, पगार मिळतोय की त्याला. मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी राहणं-जेवण धरून मिळतो, आणि राहणं म्हणजे काय ते एकदा अशा हॉटेलच्या मागच्या जिन्यानं वर जाऊन बघा, वाळत घातलेल्या बनियनच्या खाली ओळीनं अंथरलेल्या चटया.

आणि आता तर टिप संपवली ती क्यूआर कोडनं. पूर्वी चारशे सदतीस बिल झालं की पाचशेची नोट जायची, त्रेसष्ट रुपये परत यायचे, त्यातली पन्नासची आणि दहाची उचलली तरी तीन रुपये लाजेकाजेस्तव राहायचे, लाज जरा जास्त वाटली तर तेरा राहायचे. आता स्कॅन करायचं, बरोब्बर चारशे सदतीस टाइप करायचे, तो साउंड बॉक्स सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असा ओरडतो आणि संपला विषय, सुट्टे परतच येत नाहीत तर बशीत राहणार काय? काही लोक चांगल्या मनानं चारशे पन्नास टाकतात आणि पोराला खूण करतात, ते तेरा तुझे म्हणून. अहो ते तेरा मालकाच्या खात्यात गेले, रात्री हिशोबाला बसल्यावर मालक ते काढून त्या पोराला देणार आहे का? देणारे असतील, मी एक-दोघं बघितलेत, पण आपण भरवसा कशाला ठेवा. मी मोबाईलच्या कव्हरमध्ये दहा-वीसच्या नोटा घालून ठेवतो, बायको हसते, पण चालतंय. सुट्टे नसतील तर सरळ त्यालाच विचारायचं, तुझा नंबर आहे काय फोनपेचा, बहुतेकांचा असतो.

गल्ल्यावर टिप बॉक्स ठेवलेला असेल तर त्यात टाकायच्या आधी एक प्रश्न विचारायला काहीच जात नाही, हे कसं वाटता म्हणून. ज्या हॉटेलात आत भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत वाटणी जाते तिथं मी आनंदानं बॉक्समध्ये टाकतो. उत्तर देताना गल्ल्यावरचा माणूस इकडंतिकडं बघायला लागला तर नोट पोराच्या हातात.

सर्व्हिस चार्ज हा मात्र वेगळाच प्राणी आहे आणि त्याला टिप समजून गप्प भरणारे खूप आहेत. बेळगावात कमी दिसतो, पण चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात किंवा बेंगळूरला मोठ्या हॉटेलात बसलात की बिलाच्या खालच्या ओळीत 5 नाहीतर 10 टक्के गुपचूप बसलेले असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला स्पष्ट सूचना काढल्या, की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानं लावायचा नाही, आणि तो देणं-न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती पण मिळवली, म्हणून मधली दोन-अडीच वर्षं सगळा गोंधळ होता. मग 28 मार्च 2025 ला हायकोर्टानं सूचना बरोबर आहेत असा निकाल दिला आणि संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला लावले. त्यामुळं आता बिलात ही ओळ दिसली तर आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, सर्व्हिस चार्ज काढून बिल परत द्या. मी म्हटलंय, काढतात. थोडं तोंड वाकडं करतात, मॅनेजर येतो, "सर तो स्टाफसाठी असतो" म्हणतो, त्यावर मी म्हणतो मग स्टाफला मीच देतो की हातात, आणि देतो. हे दुसरं करायचं विसरायचं नाही, नाहीतर आपणच कायद्याच्या आडून पैसे वाचवणारे ठरतो.

जीएसटीची गल्लत पण होते. परवा एक गृहस्थ खडेबाजारात भांडत होते की पाच टक्के सर्व्हिस चार्ज लावलाय म्हणून, तो जीएसटी होता हो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, साध्या हॉटेलांना नोव्हेंबर 2017 पासून तोच दर आहे. पण उलटं पण बघायला पाहिजे. लहान हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या सोयीत असलं तर त्याला गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तो त्यानं आपल्या गल्ल्यातनं भरायचा असतो, आणि तसं बिलावर लिहायचं पण असतं. वर कंपोझिशन लिहिलंय आणि खाली 5 टक्के लावलेत असं बिल हातात आलं तर तिथं भांडायला पूर्ण जागा आहे. पाण्याच्या बाटलीवरनं मात्र मी भांडणं सोडून दिलंय, एसी हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालतं असं सुप्रीम कोर्टानंच डिसेंबर 2017 मध्ये म्हटलंय, तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि वाढणं पण घेता म्हणून. तेव्हा "बिसलेरी देऊ की साधं?" म्हटल्यावर साधं म्हणायचं, झालं.

आता वाईट सर्व्हिस. यात आमचे मामा उस्ताद आहेत. दिवाळीनंतर सगळं कुटुंब निपाणीकडनं परत येताना हायवेवरच्या एका फॅमिली हॉटेलात थांबलो, नाव नको, बारा जण, त्यात तीन लहान पोरं आणि एक डायबिटीसवाली आत्या, म्हणजे जेवणाला उशीर चालतच नाही. ऑर्डर घेऊन पोरगा गेला तो गेला. पनीर आधी आलं, रोट्या नंतर, त्या पण गार, सूप सगळ्यात शेवटी, आणि वहिनींचं ताट तर आलंच नाही. आमचा आतेभाऊ तोपर्यंत पेटलेला, "बोलवा त्या पोराला, दाखवतोच" म्हणून बाह्या वर. मामा मात्र किचनच्या खिडकीकडं बघत बसले होते. पेन कानावर अडकवलेला तो पोरगा दर दोन मिनिटांनी खिडकीत डोकं घालून ओरडत होता, "सात नंबर रोटी, सात नंबर रोटी", आतनं उत्तर नाही, मग तसाच दुसऱ्या टेबलाला पाणी, मग वरच्या हॉलचा जिना, मग परत खिडकी. मामा म्हणाले, "हा पोरगा एकटा दोन मजले बघूलालाय, याला काय शिव्या द्यायच्या."

आणि स्वतः उठून गल्ल्यावर गेले. मी मागं गेलो बघायला. गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, "अण्णा, ऊटा चलो ऐत्री, आदर रोट्टी तण्णग अदावरी," म्हणजे जेवण चांगलं झालंय, पण रोटी गार आहे, मग तो मराठीत बोलतोय बघून मराठीत, की एक ताट चाळीस मिनिटं झाली आलं नाही, आता नको, बिलातनं काढा, आणि आत्याला शुगर आहे तर दोन रोट्या तेवढ्या गरम लगेच पाठवा. आवाज असा की शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये. मालकानं आत जाऊन काय केलं माहीत नाही, पण रोट्या पाच मिनिटांत आल्या, गरम, तूप लावून, ताट बिलातनं गेलं, पोरांना जामून आले. जाताना मामांनी पोराला शंभर रुपये दिले आणि आतेभाऊ गाडीत गोगटे सर्कल येईपर्यंत मामांशी बोलला नाही.

यात मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की मामांनी मागणी केली. आपण तक्रार म्हणजे नुसता राग ओततो, "काय सर्व्हिस आहे तुमची, परत येणार नाही", यावर मालकानं करायचं काय? सॉरी म्हणतो आणि विसरतो. ताट काढा, रोटी बदला, नवीन बिल करा, असं काहीतरी करता येण्यासारखं सांगितलं की तो करतो, कारण त्याला पण गल्ल्यासमोर भांडण नको असतंय. आणि वेळेत सांगायचं. भाजी आंबट लागली तर दुसऱ्या घासाला सांगा, ताट चाटूनपुसून झाल्यावर भाजी आंबट होती म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार.

टिप अजिबात द्यायची नाही अशीही वेळ असते, मी काही संत नाही. उद्धट बोलला, आपल्यासोबतच्या म्हाताऱ्या माणसाला हिडीसफिडीस केलं, न मागवलेलं टेबलावर आणून बिलात घातलं, कालचं ताजं म्हणून खपवलं, तर एक रुपया नाही. पण तेव्हाही त्याला सांगून जायचं, की बाबा, तू आमच्या आजोबांशी जसं बोललास ना, म्हणून नाही दिले. एवढं बोलायचं धाडस होत नसेल तर बशीत एक रुपयाचं नाणं ठेवून अपमान करण्याचा तो जो सिनेमातला प्रकार आहे तो तरी करू नका, फार हलकट वाटतं ते. आणि चुटक्या वाजवून, शुक शुक करून बोलवायचं, "ए छोटू" म्हणायचं, आणि मग सर्व्हिस चांगली पाहिजे, हे पण जमत नाही. अण्णा म्हणा, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ म्हणा, लगेच मान वळते.

भाषेचं बोलल्याशिवाय आमच्या भागात हा विषय पुरा होत नाही. उशीर झाला, पाणी आलं नाही, की आमच्यातला कोणीतरी हळूच म्हणतोच, मराठीत ऑर्डर दिली ना, म्हणून. आणि तिकडच्या टेबलावरचा कन्नड माणूस पण बहुतेक तेच म्हणत असणार, की हॉटेल मराठी माणसाचं आहे ना, म्हणून. कधी कधी खरंही असेल, इतकी वर्षं या मातीत वाद मुरलाय, नाही कसं म्हणणार. पण आता जरा त्या पोराकडं नीट बघा. तो ओडिशाचा असतो, आसामचा असतो, नेपाळचा असतो, त्याला तुमची मराठीही कळत नाही आणि त्यांची कन्नडही, तो दोघांना सारखाच "हां सर" म्हणतोय आणि दोघांची ऑर्डर सारखीच चुकवतोय. 2024 च्या कायद्यानं बाहेर बोर्डावर 60 टक्के कन्नड, आत मेनू इंग्रजीत, ऑर्डर हिंदीत आणि शिव्या तेवढ्या आपापल्या मातृभाषेत, असा सगळा कारभार आहे. अशा पोराला ऑर्डर देताना मी मेनूवर बोट ठेवून सांगतो आणि शेवटी त्यालाच परत वाचायला लावतो. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

झुरळ निघालं, वास येणारं चिकन आलं, पोट बिघडलं, तर तो वेगळा मामला, तिथं मामांची गोड भाषा पुरत नाही. फोटो काढायचा, पक्कं बिल मागायचं, चिठ्ठीवर पेननं लिहून दिलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. पक्क्या बिलावर अन्नसुरक्षावाल्यांचा 14 आकडी नंबर असायला पाहिजे, तो असला की तक्रार कोणाविरुद्ध ते पक्कं होतं. पैशाचा घोळ असेल तर 1915 ला फोन करायचा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 17 भाषांत चालते, मराठीही आहे आणि कन्नडही, म्हणजे तिथं तरी आपला वाद नाही. ते लोक आधी हॉटेलशी बोलून मिटवायला बघतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी पण लागत नाही. आता चारशे रुपयांच्या थाळीसाठी आयोगात कोण जातंय, मी पण जाणार नाही, पण जाता येतं हे माहीत असलं की गल्ल्यावर बोलताना आवाज आपोआप शांत राहतो.

एक स्टार देणाऱ्यांना पण एक सांगायचंय. द्या, पण कुठला पदार्थ, किती वाजता, सांगितल्यावर मालकानं काय केलं, ते लिहा. त्या पोराचं नाव किंवा फोटो टाकू नका. मालक दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकतो, किचन आहे तसंच राहतं, आणि नवीन पोरगा परत गारच रोटी आणतो.

हॉटेलच्या बाहेर मात्र टिपच्या नावाखाली काय काय चालतं. घरी गॅस सिलेंडर आणणारा वीस-तीस वर मागतो, तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरनं आणून दिलं तर मी आपणहून देतो, पण सिलेंडर गेटवर आपटून हात पुढं करणाऱ्याला नाही, कारण घरपोच आणायचा खर्च पावतीच्या किमतीतच धरलेला असतो. दवाखान्यातलं तर विचारूच नका. पुतणी झाली तेव्हा एका खासगी दवाखान्यात आया बाळ हातात द्यायच्या आधीच दारात उभी, मुलगा असला तर हजार, मुलगी म्हणून पाचशे चालतील म्हणाली. रेट कार्डच! आमच्या अप्पांचा पारा असा चढला, पण त्या बाईशी न बोलता ते थेट ऑफिसात गेले आणि विचारलं, हे पाचशे कुठल्या पावतीवर लिहायचे ते सांगा. बाळ लगेच मिळालं. डिस्चार्जच्या दिवशी मात्र अप्पांनी त्या वॉर्डातल्या सगळ्यांना, रात्रीच्या पाळीवालीला पण, कुंद्याचा एकेक डबा दिला, त्या पैसे मागणाऱ्या बाईलाही. मी तिला दिला नसता, पण अप्पा म्हणाले वॉर्ड सगळा एक.

आधी मागितली की ती टिप राहत नाही, असं माझं मत, आणि मजा म्हणजे सरकारचं पण तेच मत निघालं. मे 2025 मध्ये उबरवाल्यांनी अ‍ॅपमध्ये गाडी यायच्या आधीच टिप मागायला सुरुवात केली म्हणून त्याच ग्राहक प्राधिकरणानं नोटीस काढली, आणि ग्राहक खात्याचे मंत्री, आपल्या शेजारच्या धारवाडचेच खासदार प्रल्हाद जोशी, म्हणाले की टिप ही काम झाल्यावर खुशीनं द्यायची असते. बेळगावच्या रिक्षावाल्यांना हे सांगायला कोणीतरी पाहिजे, तिथं मीटर नुसतं शोभेला आणि सीबीटी बसस्टँडवरनं वडगावला जायला टिप भाड्यातच धरलेली.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो आला की या सगळ्यावर हसतो. तिकडं अठरा-वीस टक्के टिप हिशोबातच धरायची, न देणारा गुन्हेगारासारखा बाहेर पडतो म्हणे. त्याचं कारण पण त्यानंच सांगितलं, तिकडच्या केंद्रीय कायद्यानं टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा 1991 पासून हललेला नाही, बाकीचं 7.25 पर्यंत टिपमधनं भरून निघायचं, कमी पडलं तर मालकानं घालायचं. काही राज्यांत जास्त आहे, पण मूळ हे. म्हणजे पगार गिऱ्हाइकानंच द्यायचा! मला ते काही पटलं नाही. उलट जपानात टिप ठेवली तर विसरलात म्हणून मागं पळत येऊन परत देतात. आपण या दोघांच्या मधे कुठंतरी, बडीशेपच्या बशीत.

आता आतेभावाचंच लग्न आहे, हो तोच बाह्या वर करणारा, खानापूर रोडच्या कार्यालयात, पाचशे पानं. केटरिंगवाल्यानं कोटेशनमध्ये "वाढपी बक्षीस" म्हणून एक आकडा घातलाय, तो मी काढायला लावलाय. वाढप्यांची आणि मागं चुलीवर भाकऱ्या थापणाऱ्या बायकांची पाकिटं आम्ही वेगळी करणार, शेवटची पंगत उठल्यावर ज्याच्या त्याच्या हातात. वाटायचं काम आतेभाऊ नवरदेव असल्यामुळं मामांकडं दिलंय, आणि आमटी गार आली तर केटरिंगवाल्याला गाठायचं काम पण त्यांच्याकडंच.